ठरवून संपवलेलं पाणी

दक्षिण कॅन्ससमधल्या ग्रीन्सबर्ग गावात एक विहीर आहे. 32 फूट व्यासाची, 109 फूट खोल, आतून दगडानं बांधून काढलेली. 1887-88 साली ती माणसांनी कुदळ-फावड्यांनी खणली. गावाला पाणी हवं होतं आणि रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांनाही. 2007 च्या मे महिन्यात टोर्नेडोनं हे गाव जवळजवळ सगळं भुईसपाट केलं, पण विहीर शाबूत राहिली. आता तिच्याभोवती संग्रहालय आहे आणि आत गोल जिन्यानं उतरता येतं. मी ऑगस्टमध्ये उतरलो. वर ऊन भाजत होतं आणि जिन्याच्या प्रत्येक वळणाला हवा गार होत गेली. मी माण तालुक्यातला. विहीर दिसली की कठड्यावरून डोकावायचं ही लहानपणापासूनची सवय. आमच्या विहिरीत मे महिन्यात तळाचा खडक उघडा पडायचा, आणि पाऊस धड झाला तर दिवाळीपर्यंत पाणी बऱ्यापैकी वर आलेलं असायचं. पाणी जातं आणि परत येतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

कॅन्ससमधल्याच विचिटा शहरात राहायला आल्यावर पश्चिम कॅन्ससची शेती पाहत गेलो, तेव्हा हा समज मला सोडावा लागला. तिथं जमिनीखालचं पाणी जातं ते जातं. खालचा ओगलाला नावाचा साठा म्हणजे रॉकी पर्वतातून लाखो वर्षं वाहून आलेल्या वाळू-गोट्यांचा थर, आणि त्या थरात हजारो वर्षं थेंबाथेंबानं मुरलेलं पाणी. आठ राज्यांखाली मिळून त्याचा विस्तार सुमारे 1,74,000 चौरस मैल आहे. पश्चिम कॅन्ससात वरून पुन्हा मुरतं ते वर्षाला जेमतेम इंचभर, बऱ्याच ठिकाणी तेवढंही नाही. 2013 साली कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी मांडलेल्या हिशोबानुसार या भागातला 30 टक्के साठा उपसून झाला होता, आणि उपसा तसाच चालू राहिला तर पुढच्या 50 वर्षांत आणखी 39 टक्के जाणार होता. उपशाच्या मानानं भरणा अवघा 15 टक्के. साठा रिकामा झालाच, तर पुन्हा भरायला सरासरी 500 ते 1,300 वर्षं लागतील.

प्रश्न असा आहे की उपशाला लगाम कुणी घालायचा. कॅन्ससमध्ये याचं ठरलेलं उत्तर आहे: स्थानिकांनी ठरवावं. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. राज्यानं प्रत्येक भागासाठी उपशाची कमाल मर्यादा कायद्यानं बांधून द्यावी, ती कशी गाठायची ते स्थानिकांवर सोडावं, आणि त्यात ज्याचं नुकसान होईल त्याला सार्वजनिक तिजोरीतून हातभार लावावा. मी शेतकरी नाही, तिथला जमीनमालक तर मुळीच नाही. पण या राज्याचा इतिहास आणि भूगोल शेजारी ठेवून वाचला की दुसऱ्या निष्कर्षाला मी येऊ शकत नाही.

कॅन्सस सपाट आहे असं सगळे म्हणतात. ते सपाट नाही, कललेलं आहे. कोलोराडोच्या सीमेलगतचं माउंट सनफ्लॉवर 4,039 फुटांवर आहे, आणि आग्नेयेला व्हर्डिग्रिस नदी राज्याबाहेर पडते ती जागा 679 फुटांवर. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना जमीन सुमारे एक किलोमीटरनं उतरते, पण इतकी सावकाश की गाडीत बसून कळत नाही. पाऊसही तसाच कललेला. आग्नेय कोपऱ्यात वर्षाला 1,000 मिलिमीटरहून जास्त, पश्चिम सीमेवर 400 ते 450. मधून, डॉज सिटीजवळून, शंभरावं रेखांश जातं. त्याच्या पूर्वेला पावसावर शेती होते, पश्चिमेला पावसाच्या भरवशावर राहता येत नाही. राज्याचा आकार जवळपास पट्टीनं आखलेल्या आयतासारखा, फक्त ईशान्य कोपरा मिसुरी नदीनं कुरतडलेला. त्या आयतात दोन वेगळे मुलूख बसवले गेले आणि दोन्हींना एकच कायदा लावला गेला.

हे कुणाला कळलं नव्हतं असं नाही. 1820 साली स्टीफन लाँगच्या मोहिमेनं या माळाला नकाशावर 'ग्रेट अमेरिकन डेझर्ट' म्हटलं. ती अतिशयोक्ती होती, पण पुढे 1878 साली जॉन वेस्ली पॉवेलनं सरकारला दिलेला अहवाल नेमका होता. वर्षाला 20 इंचांपेक्षा कमी पाऊस पडतो तिथं 160 एकरांचा होमस्टेड, म्हणजे वसाहतीसाठी सरकारनं दिलेला जमिनीचा तुकडा, चालणार नाही, असं त्यानं लिहिलं. पाणी असेल तिथं 80 एकर पुरतात, कोरड्या कुरणावर 2,560 एकर लागतात, आणि जमिनीची वाटणी चौकोन आखून करण्याऐवजी पाणी पाहून करावी. त्याचं ऐकलं गेलं नाही. 1862 च्या होमस्टेड कायद्यानं 160 एकरांचा तुकडा ठरवून टाकला होता, रेल्वे कंपन्यांना जमिनी विकायच्या होत्या, आणि नांगर फिरला की मागोमाग पाऊस येतो असं सांगणारे लोक निघाले. 1881 साली चार्ल्स डॅना विल्बरनं ते वाक्य छापलं आणि त्यावर विश्वास ठेवून हजारो कुटुंबं शंभराव्या रेखांशापलीकडे गेली. त्या दशकाच्या शेवटी दुष्काळ पडला आणि पुष्कळ जण छकडे घेऊन परतले. 1930 च्या दशकात तीच जमीन धूळ होऊन उडाली. 14 एप्रिल 1935 चा तो काळा रविवार अजूनही तिकडे सांगितला जातो.

आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे मला वाटतं फारसं कुणी पाहत नाही. 1854 साली आखलेला कॅन्सस प्रदेश पश्चिमेला थेट रॉकी पर्वतापर्यंत पोचत होता. 1859 साली वायनडॉट इथं राज्यघटना लिहायला जमलेल्यांनी पश्चिमेकडचा तो सगळा भाग सोडून दिला आणि सीमा आज आहे तिथं आणली. एवढा दूरचा डोंगराळ मुलूख सांभाळायचा कशाला, असा विचार. त्यामुळे आर्कान्सा नदीचा उगम कोलोराडोत राहिला. पुढे वरच्या अंगाला कालवे निघाले, कॅन्सस विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सर्वोच्च न्यायालयात गेलं, 1949 साली दोन राज्यांत करार झाला, 1985 साली पुन्हा दावा, आणि अखेर 2005 साली कोलोराडोनं सुमारे 3 कोटी 40 लाख डॉलर भरपाई दिली. गार्डन सिटीला पुलावर उभं राहून मी ती नदी पाहिली आहे. खाली पांढरी वाळू होती आणि वाळूत चारचाकीच्या चाकांच्या खुणा. कोलोराडोनं घेतलेलं पाणी हे त्याचं एक कारण, आणि कॅन्ससनं स्वतः दोन्ही काठांवर बोअर मारून नदीखालची पातळी खाली नेली हे दुसरं. पहिल्या कारणासाठी राज्य शंभर वर्षं भांडलं. दुसऱ्यासाठी कुणावर दावा लावणार?

बोअरचं युग दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झालं. खोलवरचं पाणी खेचणारे पंप आले, ते चालवायला ह्यूगोटनच्या वायुक्षेत्राचा स्वस्त गॅस होता, आणि 1952 साली कोलोराडोच्या फ्रँक झायबाखला फिरत्या तुषार यंत्राचं पेटंट मिळालं. मधोमध बोअर, त्याभोवती पाव मैल लांबीचा चाकांवरचा पाइप. डेन्व्हरला जाताना विमानातून खाली पाहिलं तर 160 एकरांच्या प्रत्येक चौकोनात एकेक हिरवं वर्तुळ दिसतं, कोपरे करडे. पॉवेलनं नको म्हटलेला तोच चौकोन अजून तिथं आहे, फक्त त्याला पाणी जमिनीखालून मिळतं. त्या वर्तुळांत मुख्यतः मका असतो. मका गुरांच्या गोठ्यांकडे जातो आणि गुरं डॉज सिटी, लिबरल, होलकंबच्या कत्तलखान्यांकडे. माणसं 29 लाख आणि गुरं त्यांच्या दुपटीहून अधिक, अशा राज्याच्या पश्चिम भागाचं सगळं अर्थकारण या साखळीवर उभं आहे, आणि साखळीची पहिली कडी म्हणजे ते परत न येणारं पाणी.

कायदा चांगला होता, हे मुद्दाम सांगायला हवं. 1945 च्या कायद्यानुसार कॅन्ससमधलं पाणी जनतेच्या उपयोगासाठी आहे. शेतकऱ्याला मिळतो तो वापराचा हक्क, पाण्याची मालकी नव्हे. जो आधी आला त्याचा हक्क वरचा. पण परवाने वाटताना हात सैल सुटला. ज्या साठ्यात भर पडत नाही त्यावर किती परवाने द्यायचे, याचं उत्तर अधिकाऱ्यांनी असं काढलं की अमुक वर्षांत अमुक टक्के साठा संपला तर चालेल. या धोरणाला त्यांच्याच भाषेत नावही होतं: नियोजित क्षय. शिवाय सलग पाच वर्षं विनाकारण पाणी वापरलं नाही तर हक्क रद्द होऊ शकायचा, म्हणजे पाणी वाचवणाऱ्याच्या मनात धास्ती; नवे परवाने बंद असलेल्या भागांत ही अट 2012 साली शिथिल झाली. 2022 च्या डिसेंबरात राज्याच्या जल प्राधिकरणानं हे धोरण सोडून द्यावं अशी शिफारस केली. तोवर नैऋत्य भागात काही ठिकाणी पातळी 150 फुटांहून जास्त खाली गेली होती.

आता त्या लाडक्या वाक्याकडे येतो. स्थानिकांनी ठरवावं.

कॅन्ससचा जन्मच या वाक्यातून झाला. 1854 च्या कायद्यानं सांगितलं की गुलामगिरी ठेवायची की नाही हे तिथल्या रहिवाशांनी मतदानानं ठरवावं. मार्च 1855 मध्ये विधिमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा पात्र मतदार होते 2,905 आणि मतं पडली 6,300 हून जास्त. मिसुरीतून टोळ्यांनी लोक आले, मतं टाकून परत गेले. त्यानंतर लॉरेन्स गाव लुटलं गेलं, माणसं मारली गेली, आणि 29 जानेवारी 1861 ला कॅन्सस गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघात येईपर्यंत रक्त सांडत राहिलं. गुलामगिरी आणि पाणी एका तराजूत घालणं मला मान्य नाही. माणसाला विकण्याचा प्रश्न मुळात मतदानाला टाकायचा प्रश्नच नव्हता. पण त्या निवडणुकीनं एक गोष्ट कायमची उघडी केली: स्थानिक कोण, हे जो ठरवतो तोच निकाल ठरवतो. ज्यांच्या नावावरून राज्याला नाव मिळालं त्या कॅन्सा लोकांना तर कुणी विचारलंच नाही. 1873 साली त्यांना उचलून आजच्या ओक्लाहोमात नेलं.

आज पश्चिम कॅन्ससात भूजलाच्या बाबतीत स्थानिक कोण? 1972 च्या कायद्यानं भूजल व्यवस्थापन जिल्हे निघाले, राज्यात असे पाच आहेत. त्यांचं संचालक मंडळ निवडून येतं. मत देता येतं ते साधारण 40 एकरांच्या जमीनमालकाला, किंवा वर्षाला किमान एक एकर-फूट भूजल वापरणाऱ्याला. एक एकर-फूट म्हणजे एक एकरावर फूटभर उभं राहील एवढं पाणी, सुमारे 12 लाख लिटर. गार्डन सिटीच्या कत्तलखान्यात काम करणारी मेक्सिकोची, व्हिएतनामची, सोमालियाची कुटुंबं त्याच थरातलं पाणी पितात, त्यांची मुलं तिथंच शाळेत जातात, आणि पाणी संपलं की सगळ्यात आधी त्यांचाच रोजगार जाईल. वैयक्तिक मत त्यांना नाही. शिक्षकाला नाही, दवाखान्यातल्या नर्सला नाही. जे सगळ्यात जास्त उपसतात त्यांनीच उपशाची मर्यादा ठरवायची, अशी ही रचना आहे. त्यात त्या शेतकऱ्यांचा दुष्टपणा नाही. कर्ज बागायती जमिनीच्या भावावर काढलेलं असतं, शेजारी उपसतोय आणि मी थांबलो तर माझं राहिलेलं पाणी त्याच्या बोअरकडे सरकणार, हेही खरं असतं. एकट्यानं थांबणं हे त्या माणसासाठी नुकसानच आहे. म्हणूनच वरून मर्यादा हवी.

विरोधक इथं शेरिडनचं उदाहरण देतात आणि ते द्यायलाच हवं, कारण या सगळ्या कहाणीतली ती सर्वांत आशादायक गोष्ट आहे. वायव्येकडे हॉक्सी गावाच्या आसपास, 99 चौरस मैलांच्या पट्ट्यात, शेतकऱ्यांनी स्वतः बैठका घेऊन ठरवलं की उपसा पाचव्या हिश्शानं कमी करायचा. 2012 साली तसा कायदा झाला आणि 2013 पासून हा आराखडा लागू झाला. एकरी पाच वर्षांत मिळून 55 इंच पाणी, म्हणजे सरासरी 11 इंच. कोणत्या वर्षी किती वापरायचं हे ज्याचं त्यानं ठरवायचं. ओलं वर्ष आलं तर वाचवा, कोरडं आलं तर वापरा. लोकांनी जमिनीत ओलावा मोजणारी यंत्रं बसवली, मक्याची पेर विरळ केली, काही ठिकाणी मक्याऐवजी ज्वारी आणि गहू घेतला. उपसा ठरवल्यापेक्षाही जास्त घटला आणि पातळी घसरण्याचा वेग बराच मंदावला. उत्पन्न बुडेल ही भीती खरी ठरली नाही. विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या शेतांशी ताळा केला तेव्हा पीक थोडं कमी आलं होतं, पण खर्चही कमी झाल्यानं हातात राहणारा पैसा तेवढाच किंवा थोडा जास्तच होता.

यातून मी विरोधकांपेक्षा वेगळं वाचतो. तो आराखडा चालला कारण एकदा ठरल्यावर तो पाणीहक्कांचं काम पाहणाऱ्या राज्याच्या मुख्य अभियंत्याच्या आदेशानं सगळ्यांवर बंधनकारक झाला. बैठकीत न आलेल्यावरही, विरोधात बोललेल्यावरही. शेजाऱ्याच्या मीटरवरही तोच आकडा असणार हे माहीत होतं, म्हणून माणसं थांबू शकली. आणि जिथं सर्वाधिक उपसा होतो त्या नैऋत्य भागात कायदा झाल्यापासूनच्या पहिल्या दहा वर्षांत असा एकही आराखडा उभा राहिला नाही. तिथं त्याऐवजी मिसुरी नदीचं पाणी पश्चिमेला आणायच्या कालव्याची चर्चा होत राहिली. 2015 च्या अभ्यासात त्याची लांबी सुमारे 360 मैल आणि बांधकामाचा खर्च 18 अब्ज डॉलर निघाला, आणि पाणी अर्धा किलोमीटर वर चढवायचं. 2022 साली ही कल्पना शक्य आहे हे दाखवायला म्हणून टँकरनं 6,000 गॅलन पाणी मिसुरीहून पश्चिमेला नेलं गेलं. टँकरची वाट पाहत उन्हात उभं राहिलेल्या तालुक्यातून मी आलोय. टँकरनं शेत भिजत नाही हे मला कुणी पटवून द्यायला नको. त्या कालव्याच्या आशेवर घालवलेलं प्रत्येक वर्ष खालच्या थरातून वसूल होतं.

दुसरा आक्षेप हक्काचा. परवाना म्हणजे मालमत्ता, सरकारला त्यात हात घालता येणार नाही, असं म्हणतात. पण राज्यानं हे करून दाखवलंय. ग्रेट बेंडजवळ शायेन बॉटम्स नावाची पाणथळ आहे, स्थलांतरित पक्ष्यांचा मोठा थांबा. वॉलनट क्रीकच्या खोऱ्यातल्या उपशानं ती कोरडी पडू लागली, तेव्हा 1992 साली मुख्य अभियंत्यानं 1978 च्या कायद्यातले अधिकार वापरून तिथल्या परवान्यांतलं पाणी कमी केलं. शेती टिकली, पाणथळही टिकली. याच्या उलट क्विव्हिराच्या अभयारण्याचं झालं. त्याचा पाणीहक्क 1957 सालचा, आसपासच्या बहुतेक बोअरपेक्षा जुना. 2016 साली राज्यानंच अहवाल दिला की नंतरच्या उपशामुळे या हक्काला बाधा येते आहे. तरी कपात वर्षानुवर्षं पुढे ढकलली गेली. आधी आला त्याचा हक्क वरचा हे तत्त्व जर हक्कदार पक्ष्यांचं अभयारण्य असताना गुंडाळून ठेवता येत असेल, तर त्याच तत्त्वाच्या नावानं कपातीला विरोध कसा करता येईल?

2023 साली एक कायदा झाला. भूजल जिल्ह्यांनी आपापल्या भागातले चिंतेचे पट्टे ओळखून 1 जुलै 2026 पर्यंत कृती आराखडे द्यायचे. पाऊल बरोबर दिशेला आहे. पण आराखडा दिला म्हणजे उपसा थांबला असं होत नाही. त्या प्रत्येक कागदावर दोन आकडे असायला हवेत: कोणत्या वर्षापासून, आणि एकरी किती इंच. ते नसतील तर मुख्य अभियंत्यानं स्वतः घालावेत. कपात सगळ्यांना सारखी असावी, कारण ज्येष्ठतेनं केली तर 1950 मध्ये ज्याच्या आजोबांनी बोअर मारलं तो सुटेल आणि 1975 वाला पूर्ण कोरडा पडेल. जो पाणीहक्क कायमचा सोडायला तयार असेल त्याचा हक्क सरकारनं रास्त भावानं विकत घ्यावा. हे काही नवं नाही. मॉर्टन काउंटीत आज सिमारॉनचं 1,08,000 एकरांचं गवताळ रान आहे. धुळीच्या वादळांत मोडलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारनं 1930 च्या दशकात विकत घेऊन ते उभं केलं. तेव्हा पैसा दिला तो माती उडून गेल्यावर. आणि मताचा 40 एकरांचा निकष बदलावा. जो माणूस त्या थरातलं पाणी पितो, त्याला त्या मंडळासाठी मत असावं.

दर जानेवारीत, पंप बंद होऊन पाणी स्थिर झालं की, कॅन्ससच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याची आणि जलखात्याची माणसं सुमारे 1,400 विहिरी मोजतात. साधन अगदी साधं: पोलादी टेपच्या टोकाला खडू चोळायचा, टेप बोअरमध्ये सोडायचा, वर ओढून खडू कुठपर्यंत ओला झाला ते वाचायचं. ते आकडे सगळ्यांसाठी खुले असतात, विहीरवार, वर्षवार. उपशाची कमाल मर्यादा ठरवायला आणखी कुठल्या पाहणीची वाट पाहायची गरज नाही. खडूच्या त्या ओल्या रेघेवरून ती याच हंगामाआधी ठरवता येते.